असेंडर आणि डिसेंडर निवडताना या चुका टाळा

दोरावरून उतरण्याचा डिसेंडर घसरतो, दोरावर चढण्याचा असेंडर अडकतो, चढताना छातीजवळच्या क्लॅम्पमधून दोर सरकतच नाही, अशा तक्रारी करणारा माणूस बहुतेक वेळा यंत्राला दोष देत असतो. यंत्र तपासले, तर ते पुष्कळदा ठणठणीत निघते. जुळत नसतो तो दोर, भार किंवा हाती घेतलेले काम. असेंडर आणि डिसेंडर ठरावीक जाडीच्या दोरावर, ठरावीक वजनाखाली आणि ठरावीक दिशेने ओढ बसली तरच नीट चालतात, आणि ही जुळणी खरेदीच्या वेळी कोणी पाहिली नाही की चुकीचा त्रास थेट दोरावर लटकल्यानंतर सुरू होतो. पुढील मजकूर प्रशिक्षण घेतलेल्या वाचकाला गृहीत धरून लिहिला आहे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली यंत्र हाताळून पाहण्याला तो पर्याय ठरू शकत नाही.

रोप ॲक्सेसच्या, म्हणजे दोरावर लटकून करायच्या, कामात माणूस एकाच वेळी दोन दोरांना जोडलेला असतो. मुख्य दोरावर तो चढतो, उतरतो आणि थांबून काम करतो, तर वेगळ्या अँकरला (दोर बांधायच्या भक्कम आधाराला) बांधलेल्या सुरक्षा दोरावर पडल्यास थांबवणारे बॅकअप यंत्र त्याच्यासोबत सरकत राहते. युरोपीय मानक ईएन १२८४१ याच रचनेला धरून यंत्रांचे तीन प्रकार करते: सुरक्षा दोरावरचे बॅकअप यंत्र ‘ए’, मुख्य दोरावरचा असेंडर ‘बी’ आणि मुख्य दोरावरचा डिसेंडर ‘सी’. ही तीन अक्षरे लक्षात ठेवावीत, कारण पुढच्या बऱ्याच चुका एका अक्षराचे काम दुसऱ्याकडून करून घेण्याच्या हट्टातून होतात.

यंत्र आधी आणि दोर नंतर

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. कोणाच्या तरी हातात चांगला डिसेंडर पाहून तो विकत घेतला जातो आणि मग घरात किंवा गोदामात जो दोर असेल त्यावर तो लावला जातो. प्रत्येक यंत्रावर दोराच्या व्यासाची मर्यादा कोरलेली असते, उदाहरणार्थ १० ते ११.५ मिलिमीटर, आणि ती मर्यादा केवळ दोर आत बसतो की नाही हे सांगण्यासाठी नसते. व्यास कमी पडला, तर कॅम (दोर दाबून धरणारा यंत्रातील फिरता भाग) दोरावर पुरेसा दाबला जात नाही, त्यामुळे डिसेंडर हँडल सोडल्यावरही हळूहळू सरकत राहतो किंवा असेंडरचा जबडा जास्त वेळ घसरून मग पकडतो. व्यास जास्त झाला, तर उतरताना दर हाताला दोर ढकलावा लागतो आणि असेंडरचा कॅम पूर्ण मिटतच नाही.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दोराच्या वेष्टनावर छापलेला व्यास नवीन, कोरड्या दोराचा असतो. नायलॉनचा दोर भिजून वाळला की आखडतो, म्हणजे लांबीला कमी आणि जाडीला थोडा जास्त होतो. वापराने त्याचे आवरण पिंजारते आणि फुगते. यंत्राच्या वरच्या मर्यादेला अगदी खेटून असलेला ११.५ मिलिमीटरचा दोर वर्षभरात त्याच यंत्रात जड चालू लागला, तर त्यात नवल नाही. उलट, खालच्या मर्यादेवरचा नवा दोर कारखान्यातील वंगणामुळे गुळगुळीत असतो आणि पहिल्या काही उतरणींत अपेक्षेपेक्षा वेगाने पळतो. म्हणून मर्यादेच्या मधोमध बसणारा दोर निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. १० ते ११.५ ची मर्यादा असलेल्या यंत्रासाठी १०.५ किंवा ११ मिलिमीटर.

व्यासाबरोबर दोराची जातही तपासावी. रोप ॲक्सेससाठी भाराखाली कमी ताणला जाणारा कर्नमँटल (आत गाभा आणि बाहेर विणलेले आवरण असलेला) दोर वापरतात आणि त्याचे मानक ईएन १८९१ आहे. त्यातील ‘ए’ प्रकारच्या दोराचा व्यास ८.५ ते १६ मिलिमीटर असू शकतो, म्हणजे केवळ ‘१८९१ ए’ हा शिक्का पाहून दोर आपल्या यंत्रात चालेल असे मानता येत नाही. गिर्यारोहणातील लवचीक दोर ईएन ८९२ या वेगळ्या मानकाखाली येतो. तो पडण्याचा झटका शोषण्यासाठी ताणला जातो. त्यावर असेंडर लावून चढणारा माणूस पहिल्या चार-पाच पावलांत वर जाण्याऐवजी वरखाली हिंदकळत राहतो, आणि कडेवर घासणारा दोर प्रत्येक हिंदकळ्यागणिक करवतीसारखा पुढेमागे होतो.

मानकाचा आकडा वाचून प्रकार विसरणे

यंत्रावर शिक्का आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ईएन ५६७ हे गिर्यारोहणातील दोर-क्लॅम्पचे मानक आहे आणि ईएन १२८४१ ‘बी’ हे कामाच्या ठिकाणच्या असेंडरचे. अनेक यंत्रांवर दोन्ही असतात, पण काहींवर फक्त पहिलेच असते. ईएन १५१५१ हे गिर्यारोहणात सोबत्याला बिले देण्यासाठी, म्हणजे त्याचा दोर सांभाळण्यासाठी, वापरल्या जाणाऱ्या ब्रेक यंत्रांचे मानक आहे. या मानकाचे सहाय्यक ब्रेक असलेले यंत्र हातात छान बसते आणि खेळासाठी उत्तमही असते, पण दिवसभर लटकून, अवजारांची पिशवी कमरेला बांधून, एका जागी तासभर थांबून काम करण्यासाठी ते बनवलेले नसते. ईएन ३४१ बचावकार्यातील उतरणीच्या यंत्रांसाठी आहे, आणि त्यातील काही यंत्रे वारंवार वापरण्यासाठी नव्हे, तर संकटात माणूस एकदा खाली आणण्यासाठी असतात. ईएन १२८४१ ‘सी’ आणि ईएन ३४१ हे दोन्ही शिक्के असलेले डिसेंडर मिळतात. मात्र दोन्ही मानकांखाली चालणारे दोर आणि भार वेगवेगळे असू शकतात आणि तो तक्ता यंत्रासोबतच्या पुस्तिकेतच सापडतो.

दातेरी असेंडरला ‘पडणे थांबवणारे यंत्र’ समजणे

या चुकीवर थोडे जास्त थांबतो, कारण तिचे परिणाम सर्वांत गंभीर आहेत आणि ती अनुभवी माणसांकडूनही होते.

गिर्यारोहक हातातील असेंडरला सरसकट ‘जुमार’ म्हणतात. हे नाव स्वित्झर्लंडमधील युसी आणि मार्टी या जोडीने १९५८ मध्ये आणलेल्या यंत्रावरून आले. आजही हातातील आणि छातीवरील बहुतेक असेंडर त्याच तत्त्वावर चालतात: तिरक्या दातांचा, स्प्रिंगचा कॅम दोराच्या आवरणात रुततो आणि खाली ओढ बसली की घट्ट होतो. दात रुतत असल्यामुळेच चिखलात आणि बर्फातही पकड मिळते. त्याच कारणामुळे अचानक झटका बसला, तर दात आवरण फाडतात. ईएन ५६७ च्या चाचणीत क्लॅम्पवर ४ किलोन्यूटनचा भार देतात. प्रत्यक्षात साधारण ४ ते ६ किलोन्यूटनच्या दरम्यान दातेरी असेंडर आवरण ओरबाडू लागतो. शंभर किलोचा माणूस शांतपणे लटकलेला असताना सुमारे १ किलोन्यूटन भार देतो, म्हणजे स्थिर भाराच्या चौपटीतच धोक्याची रेषा सुरू होते. कमी ताणाच्या दोरावर अर्धा-एक मीटर सैल पडू दिला आणि त्यावर माणूस आदळला, तर ही चौपट गाठायला वेळ लागत नाही.

त्यामुळे दातेरी असेंडर निवडताना आणि वापरताना त्याच्यावर पडण्याची वेळ येईल अशी रचना मुळातच करू नये. अँकरजवळ पोहोचल्यावर असेंडरच्या वर चढून जाऊ नये, लॅनयार्ड (यंत्र आणि अंगावरचा हार्नेस जोडणारी आखूड दोरी) सैल ठेवून उभे राहू नये, आणि सुरक्षा दोरावर बॅकअप म्हणून दातेरी असेंडर कधीही लावू नये. ‘तो तर दोर पकडतोच’ हा युक्तिवाद बऱ्याचदा ऐकू येतो. पकडतो हे खरे, पण पकडल्यावर दोराचे आवरण शिल्लक राहील याची खात्री त्यातून मिळत नाही. बॅकअपसाठी ‘ए’ प्रकारचे यंत्रच घ्यावे, आणि ते निवडताना एक प्रश्न विचारावा: घाबरलेल्या माणसाने यंत्रच मुठीत पकडले तर काय होईल? ज्या बॅकअपचा कॅम मुठीत पकडल्याने उघडा राहतो, त्याच्यासोबत पडणारा माणूस आपणच आपला बॅकअप बंद करत असतो.

हातात बसतो, पण पोहोचत नाही

हातातील असेंडर उजव्या आणि डाव्या हाताचे वेगळे मिळतात. जाड हातमोजे घालून काम करणाऱ्याने हँडलची पोकळी हातमोजासकट तपासावी, कारण दुकानात उघड्या हाताने चाचपलेले हँडल थंडीच्या सकाळी चार बोटांनाही जागा देत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे असेंडरला हार्नेसशी जोडणाऱ्या लॅनयार्डची लांबी. पूर्ण वजन त्या लॅनयार्डवर आले, तरी असेंडर हाताच्या आवाक्यात राहिला पाहिजे. तो आवाक्याबाहेर गेला की माणूस लटकलेला राहतो, कॅम सोडवता येत नाही आणि साध्या चढाईचे रूपांतर बचावकार्यात होते.

छातीवरील असेंडरबाबतची तक्रार बहुतेक वेळा यंत्राची नसते. हार्नेसची खांद्यावरची पट्टी सैल असेल, तर पाय ताठ करून उभे राहताना यंत्र शरीराबरोबर वर जात नाही, ते खाली लोंबते आणि प्रत्येक पावलाला दहा-पंधरा सेंटिमीटर वाया जातात. पट्टी इतकी आवळावी की उभे राहिल्यावर ती खांद्याला जाणवेल. सुरुवातीच्या काही मीटरमध्ये दोर यंत्राबरोबरच वर उचलला जातो, कारण खाली लटकणाऱ्या दोराचे वजन तेव्हा नगण्य असते. सोबत्याने दोर खाली धरला किंवा स्वतः पायांत पकडला की काम सुरळीत होते आणि पुढे दोराचे वजनच ते काम करते. पायाला बांधायचा असेंडर चढाई सोपी करतो, परंतु तो वैयक्तिक सुरक्षा साधन म्हणून मोजला जात नाही. त्याला दोरावरचा एक जोडबिंदू समजणे चूक आहे.

तिरक्या दोरावरून सरकताना असेंडर कडेला वळतो आणि दोर कॅमवर तिरपा बसतो. ज्याच्या वरच्या भागात छिद्र आहे असा असेंडर घेतला, तर त्या छिद्रातून आणि दोराभोवती कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) घालून तो दोराला समांतर ठेवता येतो. तिरपी कामे असतील, तर हे छिद्र नसलेले मॉडेल स्वस्त असले तरी घेऊ नये. असेंडरवरून थोडे खाली यायचे असेल, तर सुरक्षा खटका न उघडता कॅमच अंगठ्याने दाबावा. खटका उघडण्याची सवय लागलेल्या माणसाच्या हातून एखाद्या दिवशी यंत्र दोरावरून सुटते.

डिसेंडर: हँडल सोडले तर थांबतो, आणि घट्ट ओढले तर?

हँडल सोडल्यावर थांबणे हे आधुनिक डिसेंडरचे किमान लक्षण आहे. खरा फरक उलट बाजूला दिसतो. घाबरलेला माणूस हात सोडत नाही. तो हातातील वस्तू आणखी घट्ट आवळतो. ज्या डिसेंडरमध्ये हँडल पूर्ण ओढल्यावर दोर पूर्ण मोकळा होतो, तिथे ही प्रतिक्षिप्त क्रिया जीवघेणी ठरते. म्हणून काही यंत्रांत हँडल एका मर्यादेपलीकडे ओढले की पुन्हा पकडणारी रचना असते. पेट्झलच्या आय’डी या डिसेंडरमध्ये ती आहे, तर त्याच कंपनीच्या रिग या यंत्रात नाही, आणि कंपनी रिग अनुभवी वापरकर्त्यांसाठी असल्याचे सांगते. नवशिक्यांच्या गटासाठी किंवा अनेक हातांतून फिरणाऱ्या सामायिक साहित्यासाठी ही रचना असलेलेच यंत्र घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र तिची किंमतही मान्य करावी: हलका माणूस, जाड किंवा चिखलाळलेला दोर आणि कमी उताराची भिंत अशा परिस्थितीत ही रचना वारंवार मध्येच पकडते आणि अनुभवी माणूस वैतागतो. त्यावरचा उपाय जोर लावणे हा नाही; हँडल मागे नेऊन यंत्र पुन्हा बसवावे आणि हळू उघडावे.

भाराची बेरीज बहुतेक लोक स्वतःच्या वजनावर थांबवतात. हार्नेस, हेल्मेट, अवजारे, पाणी आणि ओला पोशाख मिळून १० ते १५ किलो सहज वाढतात. त्यापुढे जाऊन विचारावे की सोबती बेशुद्ध पडला, तर आपल्याच डिसेंडरवर त्याला घेऊन उतरावे लागेल का. उत्तर ‘हो’ असेल, तर दोन माणसांच्या भाराला मान्यता असलेले यंत्र हवे, आणि बहुतेक यंत्रांत त्या वेळी मोकळा दोर आणखी एका कॅरॅबिनरमधून वळवून घर्षण वाढवावे लागते. तो कॅरॅबिनर हार्नेसवर नसेल, तर मान्यतेचा कागद उपयोगाचा नाही.

उष्णतेचा विचार निवडीच्या वेळी कोणी करत नाही. १०० किलोचा भार १०० मीटर खाली येताना सुमारे ९८,००० ज्यूल ऊर्जा घर्षणातून उष्णतेत बदलते. त्यातली निम्मी जरी अर्धा किलो ॲल्युमिनियमच्या यंत्रात साठली, तरी त्याचे तापमान शंभर अंशांहून जास्त वाढते. सावकाश उतरल्यास ही उष्णता हवेत आणि दोराच्या लांबीवर पसरते. घाईने उतरून एका जागी थांबल्यास तापलेला धातू दोराच्या एकाच बिंदूवर टेकून राहतो. नायलॉन ६ चा वितळणबिंदू सुमारे २२० अंश सेल्सियस आहे, पण काही दोरांतील पॉलिएथिलिनचे तंतू त्याच्या बरेच खाली, १५० अंशांच्या आतच वितळतात. लांब उतरणींसाठी धातूचा मोठा पृष्ठभाग असलेले यंत्र घेणे आणि उतरल्यावर ते दोरावर तसेच लटकत न ठेवणे, या दोन गोष्टींनी दोराचे आयुष्य वाढते.

लांब उतरणीत आणखी एक गंमत असते. ११ मिलिमीटरच्या दोराचे वजन मीटरला साधारण ७५ ग्रॅम धरले, तर यंत्राखाली लटकणाऱ्या १०० मीटरचे साडेसात किलो होतात. हे वजन खालून ब्रेक धरणाऱ्या हातासारखे काम करते, म्हणून वरच्या टप्प्यात डिसेंडर जड वाटतो आणि दोर ढकलावा लागतो. जसजसे खाली यावे तसतसा हा ब्रेक हलका होतो आणि वेग आपोआप वाढतो. वरचा जडपणा पाहून सैल धरण्याची सवय लागलेला हात शेवटच्या वीस मीटरमध्ये फसतो. यंत्र कितीही आपोआप थांबणारे असले, तरी मोकळ्या दोरावरचा हात काढू नये, आणि दोराच्या टोकाला गाठ असावी.

लक्षणावरून कारण

हँडल सोडल्यावरही डिसेंडर सरकत असेल, तर आधी दोराचा व्यास, मग दोराचा ओलसरपणा किंवा बर्फ, मग एकूण भार आणि शेवटी कॅमची झीज पाहावी. हा क्रम उलटा केला की विनाकारण नवे यंत्र विकत घेतले जाते. लटकून काम करताना हँडल कामाच्या ‘लॉक’ स्थितीत ठेवले आहे का, हेही याच वेळी पाहावे.

डिसेंडर अजिबात पकडत नसेल, तर दोर उलटा बसवला गेल्याचा संशय सर्वांत आधी घ्यावा. यंत्रावर अँकरकडील आणि हाताकडील बाजूंची चित्रे कोरलेली असतात, आणि वजन टाकण्यापूर्वी दोर अँकरच्या दिशेने जोरात ओढून पाहणे हा काही सेकंदांचा उपाय आहे. दोर बरोबर असूनही पकड मिळत नसेल, तर यंत्र किंवा त्याचे हँडल कडेवर, पाइपवर किंवा भिंतीवर टेकून दाबले जात आहे का, हे पाहावे. कॅमला फिरायला जागा मिळाली नाही, तर तो पकडू शकत नाही. जॅकेटची बाही, मोकळे केस आणि हेल्मेटचा पट्टा यंत्रात ओढला जाण्याच्या घटनाही याच ठिकाणी घडतात.

असेंडर मधूनच घसरून मग पकडत असेल, तर दातांमधील चिखल, रंग किंवा गोठलेले पाणी काढावे; सुईसारख्या टोकदार अवजाराने दात खरवडू नयेत, साधा ब्रश आणि कोमट पाणी पुरते. तरीही घसरत असेल, तर दातांची टोके बोटाने चाचपावीत. चढताना दोराच्या त्याच जागी नेहमी घसरण होत असेल, तर दोष बहुधा दोराच्या त्या भागातील ठिसूळ किंवा चकाकलेल्या आवरणात असतो. कॅम परत मिटत नसेल, तर स्प्रिंग थकलेली असते. ती घरगुती तारेने बदलू नये. उत्पादकाने बदलता येणारा भाग म्हणून दिलेला नसेल, तर ते यंत्र कामातून काढावे.

दर १२ महिन्यांनी किमान एकदा जाणकार व्यक्तीकडून तपासणी करून तिची नोंद ठेवावी. वाळू, सिमेंट किंवा समुद्रकिनाऱ्याच्या खाऱ्या हवेत काम असेल, तर त्याहून लवकर. ॲल्युमिनियमच्या बाजूच्या पत्र्यांत दोराने पाडलेली खाच हाताला लागते आणि तिची मर्यादा उत्पादक सांगतो. ती खाच धारदार झाली की यंत्रच दोर कापू लागते.

नवे यंत्र ठरवण्यापूर्वी ते आपल्याच कामाच्या दोरावर, आपल्याच हातमोज्यांनी, अवजारांची पिशवी बांधून आणि जमिनीपासून एक-दोन मीटर उंचीवर वापरून पाहावे. थांबणे, पुन्हा सुरू करणे, चढाईतून उतरणीत बदलणे आणि सोबत्याचे वजन घेणे, ही चारही कामे तिथेच करून घ्यावीत. मग दोर भिजवून हीच चाचणी पुन्हा घ्यावी, कारण कोरड्या दोरावर चाचणीत उत्तम ठरलेली दोन यंत्रे ओल्या दोरावर एकसारखी वागतील असे नाही.